पानाची डागडुजी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेलं बसली तेव्हापासून दर महिन्याला ती धुवायला एक मुलगा येतो. तो उजाडता उजाडताच येतो, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकायची भीती असते. सामान मोजकंच: लांब दांड्याचा मऊ ब्रश, पाइप आणि रबरी वायपर. शेजारी बांधकाम चालू असल्याने धूळ सतत येते, कबुतरं तर बारमाही. त्यात उन्हाळ्यात टाकीत टँकरचं पाणी असतं. ते काचेवर तसंच वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके धरतात आणि मग घासूनही निघत नाहीत. म्हणून एक पॅनेल ओलं करायचं, घासायचं, लगेच निथळून कोरडं करायचं आणि मग पुढच्याकडे वळायचं, असं त्याचं चालतं. एका चैत्रात मी कुरडया वाळत घालायला वर गेले होते. त्याचं काम संपत आलं होतं. कठड्यापाशी, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी, प्लास्टरच्या भेगेत एक पिंपळ उगवला आहे. दरवर्षी कोणीतरी तो कापतं आणि दरवर्षी तो फुटतो. त्या दिवशी त्याला नुकती पालवी आली होती, तांबूस, इतकी पातळ की पलीकडचं ऊन दिसावं. धूळ त्या कोपऱ्यातही तेवढीच होती, पण पानं लखलखीत. मुलाने ब्रश खाली ठेवला, पिंपळाकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, ह्याला कोण धुतं हो?"

"पाऊस धुतो," असं काहीतरी मी म्हणाले. पण पाऊस पडून चार-पाच महिने झाले होते.

पानावर मेणाचा थर असतो, पिंपळाच्या पानाचं शेपूट लांब असल्याने पाणी त्यावरून ओघळून जातं, वारा जाणवत नसला तरी ते हलत राहतं, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी ते त्याच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर होतं, आणि उरलेलं अर्धं मला कित्येक दिवस टोचत राहिलं. उन्हापासून इंधन करणाऱ्या पानाची नक्कल करायचा माणसाचा प्रयत्न मी वाचक म्हणून बरीच वर्षं पाठीशी लागल्यासारखी वाचत आले आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर वेळ मिळतो तसा या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचते. त्या सगळ्या वाचनात मी ज्या प्रश्नाकडे कधी नीट बघितलं नव्हतं, तो गच्चीवरच्या त्या मुलाने सहज विचारला होता.

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची आणि जीवशास्त्राची प्रयोगशाळा शेजारीशेजारी होत्या, मध्ये एक भिंत. पलीकडे दरवर्षी हायड्रिलाचा प्रयोग व्हायचा. चंचुपात्रात पाणवनस्पतीच्या फांद्या, त्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली उपडी परीक्षानळी, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. चंचुपात्र खिडकीतल्या उन्हात ठेवलं की थोड्या वेळाने देठाच्या टोकाशी बारीक बुडबुडा धरायचा, मोठा व्हायचा, सुटायचा. मग दुसरा. नळी भरली की धुमसती काडी आत घालायची आणि ती भप्पकन पेटायची. भिंतीच्या अलीकडे मी त्याच आठवड्यात पाण्याचं विद्युत अपघटन दाखवत असे. काचेचं उपकरण, दोन इलेक्ट्रोड, पाण्यात थोडं गंधकाम्ल आणि बॅटरी. बॅटरीशिवाय काही घडत नाही, कारण पाणी हा पक्का जोडलेला रेणू आहे. तो फोडायला कागदावर १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. मधल्या सुट्टीत मी कधीकधी पलीकडे जाऊन त्या बुडबुड्यांकडे बघत बसायची. ॲसिड नाही, तार नाही, धातूची पट्टी नाही. डबक्यातून आणलेली एक कोवळी फांदी खिडकीतल्या उन्हाच्या जोरावर तेच काम करत होती. हा बुडबुडा म्हणजे फुटलेल्या पाण्यातला ऑक्सिजन. हायड्रोजन ती फांदी सोडत नाही, तो ती स्वतःच्या अंगात साखर बनवायला वापरते.

भिंतीच्या पलीकडचं काम अलीकडच्या सामानाने करायचं, कृत्रिम प्रकाशसंश्लेषणाची सगळी धडपड एवढ्यात सांगता येते. ऊन, पाणी आणि हवा घ्यायची, आणि जाळता येईल, साठवता येईल असं काहीतरी हातात यायला हवं. धूर नको, खाण नको, टँकरने आणलेलं तेल नको.

मार्च २०११ मधली बातमी मला अजून आठवते. अमेरिकेत अनाहाइमला भरलेल्या रसायनशास्त्र परिषदेत एमआयटीच्या डॅनियल नोसेरा यांनी खेळायच्या पत्त्याएवढं एक कृत्रिम पान जाहीर केलं होतं. सिलिकॉनचा पातळ तुकडा, एका अंगाला कोबाल्टचा थर, दुसऱ्या अंगाला निकेलचा मिश्रधातू. साध्या पाण्यात बुडवून उन्हात धरला की एका बाजूने ऑक्सिजनचे आणि दुसऱ्या बाजूने हायड्रोजनचे बुडबुडे. प्लॅटिनमसारखं महाग काही त्यात नव्हतं. असं एक पान आणि चारेक लिटर पाणी गरीब देशातल्या एका घराला दिवसभराची वीज देऊ शकेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. टाटा समूहानेही त्यांच्या कंपनीत पैसे घातले होते, म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी मोठी छापली. त्या वर्षी गावी भारनियमन जोरात होतं. शेतीची वीज रात्री यायची. माझा भाऊ बॅटरी घेऊन काळोखात मोटर चालू करायला विहिरीवर जायचा आणि आई तो परत येईपर्यंत पडवीत जागी असायची. वर्तमानपत्रातलं ते पान बघताना माझ्या डोळ्यांसमोर पडवी होती. मी ते कात्रण कापून वहीत ठेवलं आणि पुढच्या सुट्टीत भावाला वाचून दाखवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याने एवढंच विचारलं, की हे पान किती दिवस चालतं.

त्यांनी जाहीर केलेली चाचणी ४५ तासांची होती. तेवढा वेळ पानाचं काम जराही मंदावलं नव्हतं, आणि प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते मोठंच यश होतं. आपल्याकडच्या उन्हाच्या हिशेबाने ते जेमतेम आठवडाभराचं झालं.

पुढे २०१२ मध्ये त्या कंपनीने पान बाजूला ठेवून बॅटऱ्यांकडे मोर्चा वळवला आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने ती विकत घेतली. याची कारणं मला समजतात. बाहेरून तार न जोडलेल्या त्या पानाची कार्यक्षमता अडीच टक्के होती, म्हणजे पडलेल्या शंभर भाग उन्हातला अडीच भागच हायड्रोजनमध्ये उतरत होता. निघालेला वायू गोळा करायचा, साठवायचा, मग इंधनघटात घालून परत वीज करायची, हा खटाटोप त्यावर वेगळा. तेवढ्यात साधी सोलर पॅनेलं झपाट्याने स्वस्त होत गेली. हे सगळं समजत असूनही मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. अंधारात मोटर चालू करायला जाणाऱ्यांच्या नावाने केलेली घोषणा अशी गुपचूप विरून जाते तेव्हा पडवीत बसलेल्या माणसाला ती विरल्याची बातमीसुद्धा कोणी देत नाही.

पण त्या कामातला एक भाग माझ्या मते सगळ्यांत मोलाचा होता आणि त्याची बातमी झाली नाही. नोसेरांच्या गटाने २००९ मध्येच दाखवून दिलं होतं, की त्यांचा कोबाल्टचा थर झिजतो तसा भरूनही येतो. काम करताना कोबाल्टचे कण सुटून पाण्यात जातात. पाण्यात फॉस्फेट असेल तर तेच कण पुन्हा येऊन जागेवर बसतात. बाहेरून कोणी हात लावायचा नाही. पानाची नक्कल करताना कोणीतरी पहिल्यांदा पानाच्या खऱ्या गुणाची नक्कल केली होती, असं मला ते वाचताना वाटलं.

तो खरा गुण कोणता, हे सांगायला पानाच्या आत शिरावं लागेल. पाणी फोडण्याचं काम पानात एका प्रथिनसमूहावर सोपवलेलं असतं. त्याच्या गाभ्यात मँगॅनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अशी एक इवलीशी गाठ असते. ओकायामाचे जियान-रेन शेन आणि ओसाकाचे नोबुओ कामिया यांनी तिची अणूअणूंची जागा दाखवणारी रचना २०११ मध्येच प्रसिद्ध केली, नोसेरांचं पान गाजत होतं त्याच वर्षी. ही गाठ काम करते ती चार पायऱ्यांत. प्रकाशाचा एक कण आला की हरितद्रव्याचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि ती तूट हरितद्रव्य या गाठीकडून भरून घेतं. असं चारदा झालं की गाठ पाण्याच्या दोन रेणूंकडून एकदम चार इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. पॅरिसमध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर एकेक क्षणिक झोत टाकून हे पकडलं. सुरुवातीचे झोत सोडले तर ऑक्सिजन दर चौथ्या झोताला उसळून येत होता. बेसल कोक यांनी १९७० मध्ये त्याचा अर्थ लावला. हे वाचल्यावर हायड्रिलाचा तो सावकाश फुगणारा बुडबुडा मला वेगळाच दिसायला लागला.

पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढणं हे दांडगाईचं काम आहे. हरितद्रव्य त्यासाठी जे रूप घेतं त्याइतकं इलेक्ट्रॉन ओढणारं दुसरं काही सजीवांत सापडत नाही. शेजारी ऑक्सिजन तयार होतोय, वरून ऊन कोसळतंय, अशा ठिकाणी जे उभं असेल ते भाजून निघणारच. तिथे डी-१ नावाचं एक प्रथिन असतं, ती गाठ त्याच्याच आधाराने बसलेली असते. कडक उन्हात हे प्रथिन जेमतेम अर्धा तास टिकतं. मग ते बिघडतं, आणि बिघडायचंच असतं. पान त्याला वाचवायच्या भानगडीत पडत नाही. बिघडलेला समूह हरितलवकातल्या दाटीच्या पडद्यांतून बाजूच्या मोकळ्या पडद्यात सरकवला जातो. तिथे फक्त बिघडलेलं डी-१ कापून काढतात, बाकीचे भाग तसेच ठेवतात. नवीन डी-१ विणता विणताच जागेवर बसवलं जातं, मँगॅनीजची गाठ पुन्हा जुळते, त्या जुळणीलाही ऊनच लागतं, आणि समूह परत कामावर जातो. भर दुपारी पिंपळाच्या एका पानात हे असंख्य ठिकाणी एकाच वेळी चालू असतं.

आमच्या गावच्या घराचं माजघर मातीचं होतं. आजी दर आठवड्याला ते शेणाने सारवायची. त्या जमिनीवर पाटे-वरवंटे सरकले, मुलं रांगली, पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी शिरलं. माझ्या आठवणीत तरी तिला कधी भेग नव्हती. तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्याने आजीला विचारलं होतं, की ही जमीन किती वर्षांची आहे. आजी म्हणाली, "परवाची."

पानाचंही वय तेवढंच असतं. त्यात हे पानही कायमचं नाही. गळण्याआधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद परत आत ओढून घेतं, मग देठ सोडतं, आणि फाल्गुन-चैत्रात नवी पालवी येते. पॅनेल धुणाऱ्या मुलाला मी हे सांगायला हवं होतं असं वाटत राहिलं. पिंपळाला कोणी धूत नाही, पिंपळ स्वतःला आतून सारखं नवं करत असतो. आपण बनवलेल्या प्रत्येक पानाची गोष्ट इथेच अडते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत जॉन टर्नर यांनी १९९८ मध्ये उन्हाने पाणी फोडून १२.४ टक्क्यांची कार्यक्षमता मिळवली होती. खऱ्या पानापेक्षा ती कितीतरी पट जास्त. पण पाण्यात बुडालेला तो उंची अर्धवाहक झिजत होता आणि त्याचं आयुष्य तासांत मोजावं लागत होतं. जे पदार्थ ऊन छान शोषतात ते पाण्यात टिकत नाहीत, आणि जे टिकतात त्यांना ऊन नीट शोषता येत नाही. या क्षेत्रातली पन्नास वर्षं या एका कचाट्यात गेली आहेत.

टिकणाऱ्यांतलं पहिलं नाव टायटॅनियम डायऑक्साइडचं, आपल्या घरांच्या पांढऱ्या रंगात असते तीच भुकटी. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा विद्यार्थी असताना त्यांनी त्याचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर दिव्याचा झोत टाकला आणि बुडबुडे आले. मार्गदर्शक केनिची होंडा यांच्यासह त्यांचा निबंध १९७२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा या भुकटीमागे लागल्या. पण ती फक्त अतिनील किरणं शोषते, आणि उन्हात त्यांचा वाटा चार-पाच टक्केच असतो. इंधन काही तिने दिलं नाही. तिचा उपयोग शेवटी वेगळाच झाला. काचेवर, टाइल्सवर तिचा थर दिला की ऊन पडल्यावर त्यावरचा मळ कुजून सुटतो आणि पाण्याने वाहून जातो. पानाच्या शोधात निघालेल्यांच्या हाती निदान स्वतःला धुणारी काच तरी लागली, आणि मला ते कमी वाटत नाही.

या सगळ्यांच्या आधीचा एक माणूस मला फार जवळचा वाटतो. जियाकोमो चामिचान, इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे प्राध्यापक. त्यांचं छायाचित्र आहे: संस्थेच्या गच्चीवर काचेच्या चंबूंच्या आणि नळ्यांच्या रांगा, आणि त्यांत उभे ते, लांब दाढी, कोट घातलेले. चंबू उन्हात ठेवायचे, महिनोन्महिने वाट बघायची आणि उन्हाने आतल्या द्रावणाचं काय केलं ते बघायचं, हा त्यांचा आणि त्यांचे सहकारी पॉल सिल्बर यांचा उद्योग होता. सप्टेंबर १९१२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी एक व्याख्यान दिलं. कोळसा म्हणजे साठून राहिलेलं जुनं ऊन, मग आपण आजचं ऊन का वापरू नये, हा त्यांचा मुद्दा. ओसाड प्रदेशांत धुराडी नसलेले कारखाने उभे राहतील, मैदानांवर काचेच्या नळ्यांची वनं पसरतील, वनस्पतींनी आजवर राखलेलं गुपित माणसाच्या हाती येईल आणि तो ते निसर्गापेक्षाही सढळ हाताने वापरेल, असं त्यांनी मांडलं. इटलीकडे कोळसा नव्हता, ऊन होतं. दोन वर्षांत महायुद्ध पेटलं. मग तेल आलं, आणि पुढे साठ वर्षं त्या व्याख्यानाची आठवण कोणाला राहिली नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं ते एका मे महिन्यात, सोलापूरला बहिणीकडे, पडदे ओढून घेतलेल्या खोलीत. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एवढं ऊन, आणि त्यापासून आम्ही तोंड लपवून बसलेलो. मला त्या दाढीवाल्या माणसाचा अभिमानही वाटत होता आणि शंभर वर्षांनीही त्याचं बोलणं भविष्यकाळातच राहिलं याचं दुःखही होत होतं.

एरवी पानांनाच काम करू द्यावं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचा सांगलीकडचा मुलूख तेच करतो. ऊस म्हणजे उन्हाचं इंधन करणारं आपलं सगळ्यांत मोठं यंत्र. कार्बन पकडण्याची उसाची खास रीत हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उलगडली, तीही ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, उसाच्याच पानांवर. अशा पिकांना फार तर सहा टक्के ऊन बांधून ठेवता येईल, भात-गव्हासारख्यांना साडेचारच्या आसपास, असा सिद्धान्तातला हिशेब आहे. शेतात प्रत्यक्ष त्याच्या कितीतरी खाली राहावं लागतं. आमच्या लहानपणी उसात शिरलं की पानांच्या कडांनी हात कापायचे, घामात ते चरचरायचे आणि अंगाला कुसळ लागायची. आत हिरवा काळोख असायचा. तो काळोख म्हणजे वरच्या पानांनी ऊन खाऊन टाकल्याचा पुरावा, हे फार उशिरा लक्षात आलं. त्या उसाची साखर होते, बगॅस, म्हणजे उरलेला चोथा, जाळून कारखाना वीज करतो, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. यात कारखानदारी आहे, घरं उभी राहिली आहेत, आमचीही राहिली. पण पाणी? पानाला हवेतला कार्बन घ्यायचा तर रंध्रं उघडावी लागतात, आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू वाफ होऊन जातात. उसात ते प्रमाण बहुतेक पिकांहून कमी आहे, तरी ते शेकड्यातच. पाटाला पाणी आलं नाही तर काय होतं ते आम्हाला माहीत आहे, आणि मराठवाड्यातल्या लोकांना आमच्याहून जास्त. त्याउलट पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर पाणी लागतं, आणि त्या एका किलोत ३३ युनिटं ऊर्जा असते. नऊ लिटर म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली कळशीसुद्धा भरत नाही. कृत्रिम पानाचं मला सगळ्यांत जास्त अप्रूप वाटतं ते या हिशेबामुळे. दुष्काळी माळावर, जिथे खरं पान जगत नाही, तिथे ते काम करू शकेल.

आज कोणी मला विचारलं, की हायड्रोजन हवा असेल तर काय करावं, तर मी सोलर पॅनेल आणि विजेने पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर असंच सांगेन. वीस टक्क्यांहून जास्त ऊन विजेत उतरवणारी पॅनेलं बाजारात आहेत, इलेक्ट्रोलायझर सावलीत कोरडा ठेवता येतो, बिघडलेला भाग बदलता येतो. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली, १९,७४४ कोटींची, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून, ती मुख्यतः याच वाटेने जाणार आहे. मला यात काही गैर दिसत नाही. म्हणून पानाचा नाद सोडावा, हे मात्र मला पटत नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नकोंडा गोपीनाथ यांचा गट कृत्रिम पानावर काम करत आला आहे, बंगळूरला सी. एन. आर. राव यांनी उतारवयात हा विषय जिवाभावाने धरला. जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२१ मध्ये १०० चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर चालवून दाखवलं. उथळ, पाणी भरलेल्या १,६०० पेट्या, तळाशी एका भुकटीचा थर. ऊन पडलं की पेट्यांमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळून येतो, आणि ते स्फोटक मिश्रण गाळून हायड्रोजन वेगळा केला जातो. कार्यक्षमता फार तर ०.७६ टक्का. बहुतेकांचं लक्ष त्या आकड्यावर गेलं आणि तिथेच उडालं. माझं लक्ष खिळलं ते ती पेट्यांची पसरण महिनोन्महिने ऊनपावसात चालत राहिली याकडे. बोलोन्याच्या गच्चीवरचे चंबू आता मैदानात उतरले होते. एक टक्क्याचे पाच टक्के करणारे हात पुष्कळ आहेत. उघड्यावर टिकणारी वस्तू करणारे थोडे.

नोसेराही थांबले नाहीत. हार्वर्डमध्ये पामेला सिल्व्हर यांच्याबरोबर त्यांनी २०१६ मध्ये कृत्रिम पानाच्या उत्प्रेरकांना जिवाणूंची जोड दिली. कोबाल्टने पाणी फोडायचं, निघालेला हायड्रोजन त्याच भांड्यातल्या जिवाणूंनी खायचा आणि हवेतला कार्बन घेऊन इंधनाजोगे पदार्थ बनवायचे. चांगल्या सोलर पॅनेलची वीज धरली तर सगळा मिळून दहा टक्क्यांच्या आसपास हिशेब बसतो. मला वाटतं, डागडुजीचा प्रश्न त्यांनी अर्धा तरी असा सोडवला: जिवंत गोष्ट आत घेतली, ती आपली आपण वाढते आणि मेलेल्यांची जागा भरते. पुढे त्यांनी दुसरा एक जिवाणू घेतला, हायड्रोजनवर वाढणारा आणि हवेतलं नत्र बांधणारा. तो अंगात चरबीसारखा साठा करून ठेवतो, आणि मातीत सोडला की त्या साठ्यावर जगून नत्र देतो. त्यांनी त्यावर मुळे वाढवून दाखवले, बिनखताच्या मुळ्यांपेक्षा भरघोस.

हे वाचल्यावर मात्र मी भावाला फोन केला. विजेची गोष्ट आता त्याला फारशी अडत नाही. खताची अडते. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही वायूच लागतो, आणि जगात कुठे युद्ध भडकलं की वायूचे भाव चढतात, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. उन्हाने फोडलेल्या पाण्यावर वाढवलेले जिवाणू आणि त्यांचं नत्र, हे समजवायला मला अजिबात वेळ लागला नाही. ऊस लावताना तो दरवर्षी बेण्याच्या टिपऱ्या ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात बुडवून काढतो. नत्र बांधणाऱ्या जिवाणूंशी त्याची जुनी ओळख. त्याने विचारलं, आपल्या काळ्या जमिनीत, चुनखडीत ते चालतील का, उन्हाळ्यात जमीन तापल्यावर किती दिवस जगतील, एकदा सोडले की पुन्हा कधी सोडावे लागतील. मी म्हटलं, मुळे कुंडीतले होते, उसाचं कोणी केलेलं माझ्या वाचनात नाही. "मग कोणी करणार असेल तर सांग," तो म्हणाला, "खालच्या वावरातल्या चार सऱ्या देतो. खोडवा धरायच्या आधी कळव फक्त."